मेथडिस्ट चर्चवास्तू

मेथडिस्ट चर्चवास्तू : प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील मेथडिस्ट पंथाच्या उपासनेसाठी व प्रवचनांसाठी बांधण्यात आलेल्या वास्तू. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा वास्तुप्रकार उदयास आला, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या लहान गावांतून त्याचा मोठा प्रसार झाला आणि १८७१ नंतर तो मुंबईमार्गे महाराष्ट्रात आला. मुंबईसारख्या महानगराप्रमाणेच वऱ्हाडातील वाशीम, यवतमाळ यांसारख्या त्या काळच्या लहान गावीही या परंपरेतील मिशनांनी वस्त्या उभारल्या. भव्य मनोरे, खोल गर्भागार व विपुल शिल्पांकन ही यूरोपीय चर्चवास्तूची परिचित लक्षणे मेथडिस्ट वास्तूंत मुळात नव्हती. बोललेला शब्द सर्वांना सारखा ऐकू यावा, हे या वास्तूंचे आद्य प्रयोजन होय. त्यामुळे त्यांचे मूल्यमापन अलंकरणापेक्षा विधान, प्रकाश, ध्वनी व बैठकीची व्यवस्था यांवरूनच करावे लागते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘चर्च’ या एकाच शब्दातील दोन अर्थ वेगळे करण्यात आले आहेत. श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजे ‘मंडळी’ आणि त्यांच्या एकत्र येण्याची वास्तू म्हणजे ‘मंदिर’ किंवा बोलीत ‘देऊळ’. बायबलच्या मराठी भाषांतरात पहिल्या अर्थी ‘मंडळी’ हाच शब्द योजलेला आहे. मेथडिस्ट वास्तूचा इतिहास समजण्यास हा भेद विशेष उपयुक्त ठरतो. कारण या पंथात मंडळी आधी निर्माण झाली व मंदिर मागाहून आले. पुढे मंदिर उभारण्यासाठी लागणारे द्रव्य कोठून यावे आणि त्यामुळे मंडळी कोणाच्या अधीन व्हावी, हा प्रश्न या वास्तुपरंपरेत आरंभापासून उपस्थित झालेला दिसतो.

उगम : मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) हा अँग्लिकन धर्मोपदेशक होता. त्याचा भाऊ चार्ल्स वेस्ली (१७०७–८८) हा स्तोत्रकार म्हणून प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील अनेक चर्चांची प्रवचनपीठे बंद झाल्यानंतर १७३९ पासून जॉन वेस्लीने उघड्या मैदानावर, खाणकामगार व गिरणकामगार यांच्यासमोर प्रवचने देण्यास प्रारंभ केला. पावसाळी हवा व थंडी यांपासून श्रोत्यांना निवारा देणे, या साध्या गरजेतून मेथडिस्टांची पहिली प्रवचनगृहे निर्माण झाली. पॅरिश चर्चचे स्थान घेण्याचा त्यांचा उद्देश नव्हता. म्हणून त्यांना ‘चर्च’ न म्हणता ‘प्रवचनगृह’ असेच म्हणत.

ब्रिस्टल येथील ‘न्यू रूम’ ही १७३९ मध्ये बांधलेली व १७४८ मध्ये वाढविलेली वास्तू जगातील सर्वांत जुनी मेथडिस्ट वास्तू मानली जाते. तिच्या तळमजल्यावर सभागृह व वरच्या मजल्यावर फिरत्या प्रवचनकारांच्या निवासाच्या खोल्या आहेत. छताच्या मध्यभागी असलेल्या अष्टकोनी काचमनोऱ्यातून सभागृहात उजेड येतो. लंडनमध्ये वेस्लीने त्याच वर्षी तोफा ओतण्याचा एक पडीक कारखाना घेतला व त्याचे सभागृहात रूपांतर केले. ‘फाउंडरी’ या नावानेच तो पुढे ओळखला जाऊ लागला. तेथे सभागृहाबरोबरच शाळा, ग्रंथविक्रीची खोली, निराधार विधवांचा निवास आणि १७४६ पासून गरिबांसाठी औषधालय होते. उपासना, शिक्षण व शुश्रूषा एकाच आवारात आणण्याची ही पद्धती मेथडिस्ट वास्तूंचे स्थायी वैशिष्ट्य बनली. पुढे भारतातील मिशनवस्त्यांतही तिचाच विस्तार झालेला आढळतो.

वास्तुविषयक नियम : चळवळ वाढू लागली, तशी गावोगाव प्रवचनगृहे उभी राहिली. त्यांच्या रचनेत एकसूत्रता यावी म्हणून १७७० च्या परिषदेच्या इतिवृत्तात वेस्लीने काही निर्देश समाविष्ट केले. जागा असेल तेथे प्रवचनगृह अष्टकोनी असावे आणि यॉर्कशरमधील यार्म येथील १७६३ मधील वास्तूचा नमुना पुढे ठेवावा, खिडक्यांची तावदाने खाली सरकणारी असावीत, पिंपाच्या आकाराचे प्रवचनपीठ नसावे, चिनी पद्धतीचे नक्षीदार कठडे करू नयेत, आसनांना पाठी नसाव्यात आणि मध्यभागी लांबवर कठडा घालून पुरुष व स्त्रिया यांच्या जागा वेगळ्या कराव्यात, अशा बारीकसारीक बाबी त्यांत येतात.

अष्टकोनी विधानामागे व्यावहारिक विचार होता. प्रवचनकारापासून सर्व श्रोते जवळजवळ सारख्याच अंतरावर राहतात, छताला मधल्या खांबांचा अडथळा होत नाही आणि तेवढ्याच लांबीच्या भिंतीत चौरसापेक्षा अधिक क्षेत्र सामावते. नॉरिच येथील प्रेसबिटेरियनांचे अष्टकोनी सभागृह (१७५६) वेस्लीने १७५७ मध्ये पाहिले होते व त्याचा त्याच्या मनावर ठसा उमटला होता. यार्म व हेप्टनस्टॉल (१७६४) येथील अष्टकोनी वास्तू अद्याप उभ्या आहेत. तथापि छपराच्या सुतारकामाची अडचण आणि वास्तू पुढे वाढविता न येणे, या कारणांमुळे अष्टकोनी विधान फार काळ टिकले नाही व साधे आयताकृती विधान रूढ झाले.

या निर्देशांत सर्वांत महत्त्वाचा निर्देश आकारासंबंधी नसून खर्चासंबंधी आहे. प्रवचनगृहे साधी व नीटस असावीत. टाळता येणार नाही त्याहून अधिक खर्च करू नये. अन्यथा पैसा उभारण्यासाठी धनिकांची गरज पडेल, त्यांच्यावर अवलंबून राहावे लागेल आणि अखेरीस त्यांची सत्ता मान्य करावी लागेल, असा वेस्लीचा इशारा होता. साधेपणा हा येथे केवळ अभिरुचीचा भाग नव्हता. मंडळीच्या स्वायत्ततेची ती अट होती. याच हेतूने १७६३ मध्ये प्रवचनगृहांसाठी नमुना विश्वस्तपत्र तयार करण्यात आले. वास्तू स्थानिक विश्वस्तांच्या नावे असली, तरी तेथे कोणी प्रवचन करावे हे परिषदेच्या अनुमतीने ठरावे, अशी त्यात तरतूद होती.

अंतर्रचना : रोमन कॅथलिक व अँग्लिकन चर्चमध्ये पूर्वेकडील वेदी हा वास्तूचा केंद्रबिंदू असतो व मध्यवीथीतून दृष्टी तिकडेच जाते. मेथडिस्ट वास्तूत ते स्थान प्रवचनपीठाला मिळाले. लंडनमधील सिटी रोडवरील वेस्ली चॅपेल (१७७८, वास्तुशिल्पज्ञ धाकटा जॉर्ज डान्स) येथे प्रवचनपीठ पुढे व प्रभुभोजनाचे मेज त्याच्या मागील लहानशा अर्धगोल भागात आहे. त्याच्या सज्जाला प्रारंभी जहाजांच्या डोलकाठ्यांचे खांब होते. १८९१ मध्ये त्यांच्या जागी दगडी खांब बसविण्यात आले. श्रोत्यांची संख्या वाढली की भिंती न वाढविता तिन्ही बाजूंनी सज्जे काढावयाचे, ही या वास्तूंतील नेहमीची युक्ती होय.

प्रवचनपीठासमोरील कमरेहून कमी उंचीचा कठडा हे दुसरे महत्त्वाचे अंग. त्याच्याशी गुडघे टेकून उपासक प्रभुभोजन ग्रहण करतात. अमेरिकेत पुनर्जागरणाच्या सभांतून पुढे येऊन पश्चात्ताप व्यक्त करणाऱ्यांसाठी त्याच जागी एक बाक ठेवण्याचा प्रघात पडला. बाप्तिस्म्यासाठी बहुधा लहान पात्र पुरेसे असे. बाप्तिस्मा पंथातील वास्तूंप्रमाणे येथे कुंडाची गरज नसते. समूहगायनाला फार महत्त्व असल्याने गायकवृंद व वाद्य यांची जागा श्रोत्यांच्या दृष्टीसमोर ठेवतात. सुमारे बारा जणांच्या ‘वर्ग’ नावाच्या गटांच्या साप्ताहिक बैठकींसाठी लगतच्या खोल्याही आवश्यक ठरल्या.

गॉथिक शैली व अमेरिकेतील लहान गावे : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेथडिस्ट समाजात सुस्थिती आली आणि साधेपणाच्या नियमाला ओहोटी लागली. फ्रेडरिक जॉब्सन याने १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चॅपेल व शाळांच्या वास्तुरचनेवरील ग्रंथात मेथडिस्टांनी गॉथिक शैली स्वीकारावी, असा आग्रह धरला. टोकदार कमानी, आधारभिंती व शिखरयुक्त मनोरे त्यानंतर या वास्तूंवर दिसू लागले. लंडनमधील वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉल (१९१२) या बरोक शैलीतील प्रशस्त घुमटी वास्तूत हा प्रवास परमावधीस पोहोचला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली बैठक जानेवारी १९४६ मध्ये याच वास्तूत भरली होती.

अमेरिकेत फ्रान्सिस ॲझबरी (१७४५–१८१६) व घोड्यावरून फिरणारे प्रवचनकार यांनी सीमाप्रदेशातील वसाहतींत मेथडिस्ट मंडळ्या स्थापन केल्या. १७८४ मध्ये तेथे मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हे स्वतंत्र संघटन निर्माण झाले. ओंडक्यांच्या झोपडीवजा सभागृहांपासून डेलावेअरमधील बॅरट चॅपेल (१७८०) या विटांच्या वास्तूपर्यंतची या काळातील उदाहरणे साध्या राहत्या घरासारखी दिसतात. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६४ मध्ये, चर्चविस्तारासाठी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली व तिने कर्जाबरोबर वास्तूंचे तयार नकाशेही सूचिपत्रांद्वारे पुरविण्यास सुरुवात केली. वास्तुशिल्पज्ञ नेमणे न परवडणाऱ्या गावातील सुतार त्या नकाशांवरून लाकडी चर्च उभारू शके. उतरते छप्पर, टोकदार खिडक्या, प्रवेशद्वारावर किंवा कोपऱ्यात घंटेचा मनोरा आणि आत एकच सलग सभागृह, असे लहान गावातील मेथडिस्ट चर्चचे जे रूप सर्वत्र ओळखीचे झाले, ते बव्हंशी या काळातील आहे.

ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे शेतीयंत्रांचा उत्पादक लूइस मिलर याच्या कल्पनेतून १८७० च्या सुमारास एक नवे विधान पुढे आले. मध्यवर्ती सभागृहाभोवती रविवारच्या शाळेचे वर्ग अर्धवर्तुळात मांडलेले असत. त्यांची सरकती दारे उघडली की सर्व वर्ग एकाच सभेत सामील होत. ‘ॲक्रन विधान’ म्हणून हा प्रकार अमेरिकेत सु. अर्धशतक लोकप्रिय होता.

या वाढत्या खर्चाची किंमत मंडळ्यांना द्यावी लागली. बांधकामाचे कर्ज फेडण्यासाठी पुढील बाके श्रीमंत कुटुंबांना भाड्याने देण्याची चाल पडली आणि गरिबांना मागे किंवा सज्जात बसावे लागू लागले. या प्रथेस विरोध व गुलामगिरीचा निषेध या प्रमुख कारणांवरून बी. टी. रॉबर्ट्‌स प्रभृतींनी १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात ‘फ्री मेथडिस्ट चर्च’ स्थापन केले. त्याच्या नावातील ‘फ्री’ या शब्दाला विनामूल्य आसने हाही एक अर्थ आहे. आसनव्यवस्थेच्या प्रश्नावरून धर्मपंथात फूट पडल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

भारतातील प्रारंभ : ब्रिटिश वेस्लियन मेथडिस्टांचे कार्य १८१४ मध्ये श्रीलंकेत व त्यानंतर लवकरच मद्रासमध्ये सुरू झाले. अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनचा संस्थापक विल्यम बटलर १८५६ मध्ये भारतात आला व त्याने बरेली-लखनौ हे कार्यक्षेत्र निवडले. महाराष्ट्रात मात्र या पंथाचा प्रवेश प्रवचनकार विल्यम टेलर याच्यामुळे झाला. तो नोव्हेंबर १८७१ मध्ये मुंबईस आला. त्याच्या सभा प्रारंभी घरांतून व भाड्याच्या दिवाणखान्यांतून होत. परदेशी मिशनच्या पैशावर मंडळी उभी राहू नये, ती स्वतःच्या वर्गणीवर चालावी, असा टेलरचा आग्रह होता. वेस्लीच्या इशाऱ्याचा हा भारतातील प्रतिध्वनीच म्हणता येईल. १८४८ पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारा आणि बॉम्बे गार्डियन या पत्राचा संपादक म्हणून प्रसिद्ध असलेला जॉर्ज बोएन (१८१६–८८) या मंडळीस येऊन मिळाला. कुलाबा परिसरातील बोएन स्मारक चर्चला त्याचेच नाव आहे.

मुंबईतील मंडळ्या मुख्यतः इंग्रजी भाषिक व अँग्लो-इंडियन असल्याने स्वावलंबनाचे तत्त्व तेथे काही काळ चालू शकले. मराठी भाषक खेड्यांत ते अवघड ठरले. येथे ख्रिस्ती झालेल्या लोकांत महार, मांग इ. भूमिहीन जातींतील कुटुंबे बहुसंख्य होती. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुले सांभाळली व त्यांच्यासाठी वसतिगृहे, शाळा व उद्योगशाळा उभारल्या. या आवारांचा व त्यांतील प्रार्थनामंदिरांचा खर्च प्रामुख्याने अमेरिकेतील देणगीदारांकडून येत असे. १८९२ मध्ये मुंबई परिषद स्वतंत्र झाली आणि मराठी प्रदेशातील कार्याला निश्चित संघटन मिळाले.

स्थानिक रूप : मराठी प्रदेशातील लहान गावी बांधलेल्या मिशन प्रार्थनामंदिरांत परदेशी विधान व देशी बांधणी यांचा संयोग आढळतो. भिंतींसाठी काळा पाषाण किंवा भाजक्या विटा, जोडकामासाठी चुना आणि छपरासाठी सागवानी कैच्या हे नेहमीचे साहित्य. गॉथिक शैलीची खूण बहुधा खिडक्या-दारांच्या टोकदार कमानींपुरतीच राहते. रंगीत काचचित्रांऐवजी साधी तावदाने किंवा लाकडी झडपा असतात आणि मनोऱ्याऐवजी दर्शनी भिंतीच्या माथ्यावर एका घंटेपुरती कमान पुरते.

भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर वऱ्हाडात पन्हळी पत्रे व मंगलोरी कौले पोहोचू लागली. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बाझेल मिशनच्या गेओर्ख प्लेब्स्ट याने मंगळूर येथे काढला होता. अशा रीतीने एका मिशनच्या उद्योगाने दुसऱ्या मिशनांच्या इमारतींना छप्पर पुरविले. वऱ्हाडातील पारंपरिक घरे मातीच्या सपाट धाब्यांची असत. त्यांच्या शेजारी उभ्या पाख्यांचे कौलारू छप्पर दुरूनच वेगळे दिसे. हवामानानेही काही बदल घडविले. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाणाऱ्या या प्रदेशात जाड भिंती, उंच छप्पर, माथ्याजवळील झरोके व बाजूंचे व्हरांडे आवश्यक असतात. इंग्लंडमध्ये ऊन आत घेण्यासाठी केलेल्या मोठ्या खिडक्या येथे वाऱ्यासाठी उपयोगी पडल्या.

अंतर्भागात अधिक मूलगामी साम्य दिसून येते. हिंदू मंदिरात गर्भगृह व सभामंडप हे दोन घटक असतात. गर्भगृहात मूर्ती असते, तर सभामंडपात कीर्तन, पुराण, भजन होते. मेथडिस्ट प्रवचनगृह म्हणजे जणू गर्भगृहावाचूनचा सभामंडप होय. प्रवचनकारासमोर अर्धवर्तुळात बसलेले श्रोते, वाद्यांची साथ, निरूपण व सामुदायिक पद ही मांडणी मराठी श्रोत्यांना अपरिचित नव्हती. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) व अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती उपासनेत देशी चालीची पदे व कीर्तन यांना स्थान मिळाले. हे दोघेही मेथडिस्ट नव्हते, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील होते. तथापि त्यांची पदे उपासना-संगीत या संग्रहाद्वारे विविध पंथांच्या मराठी मंडळ्यांत पोहोचली. पेटी, तबला व टाळ यांच्या साथीस सपाट जमीन व मोकळी जागा सोयीची असते. त्यामुळे बाके न ठेवता जाजमावर बसण्याची पद्धत खेड्यांतील मंदिरांत रूढ झाली. एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया ही वेस्लीच्या नियमातील व्यवस्था इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मागे पडली. मराठी खेड्यांत ती स्थानिक रिवाजाशी जुळल्याने टिकून राहिली.

या बैठकीला सामाजिक अर्थही होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अस्पृश्य मानलेल्या जातींना हिंदू देवळांत प्रवेश नव्हता. वऱ्हाडातच अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. अशा काळात दाराशी न थांबता सरळ आत येऊन प्रवचनपीठासमोर बसता येणे, ही गोष्ट वास्तूच्या कोणत्याही अलंकरणापेक्षा मोठी होती. जातिभेदाच्या सवयी ख्रिस्ती समाजातूनही पूर्णपणे गेल्या नाहीत, हे खरे असले, तरी वास्तूच्या रचनेत त्यांना जागा ठेवलेली नव्हती.

मेदक येथील अपवाद : लहान गावात भव्य वास्तू उभारण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण त्या वेळच्या हैदराबाद संस्थानातील मेदक येथे आढळते. वेस्लियन मेथडिस्ट मिशनचा चार्ल्स वॉकर पॉझ्नेट याने तेथे १९१४–२४ या काळात गॉथिक शैलीतील विशाल चर्च बांधले. त्याचा आराखडा टॉमस एडवर्ड हार्डिंग याने केला. मनोऱ्याची उंची १७३ फूट (सु. ५३ मी.) असून सु. ५,००० उपासक सामावतील एवढी ही वास्तू आहे. फ्रँक सॉल्झबरी याची १९२७, १९४७ व १९५८ मध्ये बसविलेली काचचित्रे हे तिचे मुख्य आकर्षण होय. दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा, हा बांधकामाचा एक उद्देश होता. त्यामुळे वेस्लीच्या नियमाचा भंग करणाऱ्या या खर्चाचे समर्थन त्याच्याच दीनसेवेच्या तत्त्वाने करता येते. १९४७ मध्ये वेस्लियन मंडळ्या दक्षिण भारताच्या संयुक्त चर्चमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) विलीन झाल्या व मेदकचे चर्च बिशपचे पीठ झाले. वऱ्हाडातील मिशनांच्या वाट्याला अशी साधनसामग्री कधी आली नाही.

वऱ्हाड व वाशीम : वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भवानी काळू याने अठराव्या शतकात बांधलेल्या बालाजी मंदिरामुळेही ते प्रसिद्ध आहे. ब्रिटिश अमदानीत बासिम या नावाने ते १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. त्या वर्षी तो जिल्हा मोडून त्याचे भाग अकोला व यवतमाळ जिल्ह्यांना जोडण्यात आले. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून निर्माण झाला. जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या व आठवड्याचा बाजार यांमुळे अशा गावांची मिशनकेंद्रे म्हणून निवड होत असे. वऱ्हाडात मिशनांनी आपापली क्षेत्रे परस्परसंमतीने वाटून घेतली होती. अकोला-खामगाव भागात अलायन्स मिशन, वाशीम भागात मेथडिस्ट एपिस्कोपल, यवतमाळ भागात फ्री मेथडिस्ट आणि बुलढाणा भागात नाझरीन मिशन अशी स्थूलमानाने विभागणी होती. यांपैकी मेथडिस्ट, फ्री मेथडिस्ट व नाझरीन ही तिन्ही एकाच वेस्लियन वंशवृक्षाच्या शाखा होत. नाझरीन चर्चची स्थापना पुनर्जागरणवादी गटांच्या एकीकरणातून १९०८ मध्ये झाली. त्याचा एक प्रमुख संस्थापक फिनिअस ब्रिझी हा पूर्वाश्रमीचा मेथडिस्ट धर्मोपदेशक होता. बाकांच्या भाड्यावरून अमेरिकेत वेगळे झालेले फ्री मेथडिस्ट आणि मूळ मेथडिस्ट असे वऱ्हाडात शेजारी शेजारी आले. तेथील जाजमावरच्या बैठकीत त्या जुन्या वादाला काही अर्थ उरला नव्हता.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेतून येणारा निधी आटला आणि अनेक मिशनांना आपला विस्तार आवरता घ्यावा लागला. चौथ्या दशकात वाशीम येथील मेथडिस्ट मिशनची मालमत्ता नाझरीन मिशनकडे गेली. उपासनेची पद्धती, प्रवचनपीठाचे प्राधान्य व गुडघे टेकण्याचा कठडा हे सर्व समान असल्याने या हस्तांतरात वास्तूंचे प्रयोजन फारसे बदलण्याचे कारण नव्हते. मोठा बदल झाला तो आवारातील शाळेच्या इमारतीत. १९३६ मध्ये भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायशर यांनी त्या इमारतीत रुग्णालय सुरू केले. नाझरीन चर्चचे ज्येष्ठ धुरीण हायरम रेनल्ड्झ यांच्या स्मरणार्थ १९३८ मध्ये स्थापन झालेले हे रेनल्ड्झ मेमोरियल हॉस्पिटल परिसरातील ग्रामीण रुग्णांना दीर्घकाळ आधारभूत ठरले. शाळेसाठी बांधलेल्या प्रशस्त खोल्या, व्हरांडे व उंच छत रुग्णकक्षांसाठी सहज उपयोगी पडतात. तोफांच्या कारखान्याचे प्रवचनगृह व औषधालय होण्यापासून सुरू झालेल्या या परंपरेत शाळेचे रुग्णालय होणे विसंगत नव्हते. यवतमाळ येथेही फ्री मेथडिस्टांच्या कार्यक्षेत्रात १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी ही अनेक पंथांची मिळून धर्मशिक्षणसंस्था स्थापन झाली. १९८३ मध्ये ती पुण्यास हलविण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर काळ : परदेशी मिशनरी हळूहळू परतले व मंदिरांची जबाबदारी मंडळ्यांवर आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताच्या संयुक्त चर्चची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना झाली. ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट वाटाघाटींत सहभागी असूनही अखेरीस बाहेर राहिले. १९८१ मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ हे स्वायत्त चर्च अस्तित्वात आले. त्यामुळे महाराष्ट्रात एकाच गावातील मिशनकालीन प्रार्थनामंदिरे आज भिन्न संघटनांच्या अधिकाराखाली असू शकतात आणि त्यांच्या जतनाचा विचार करताना विश्वस्तपत्रे व मालकीहक्क यांची तपासणी प्रथम करावी लागते.

या वास्तूंपुढील मुख्य धोका पडझडीपेक्षा अयोग्य दुरुस्तीचा आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा दिल्यास आतील ओल बाहेर पडत नाही आणि दगड-विटा पोखरल्या जातात. कौले काढून काँक्रीटची गच्ची घातली, तर जुन्या भिंतींवरील भार वाढतो, माथ्याजवळील झरोके बुजतात व सभागृह तापते. कठीण, सपाट पृष्ठभागांमुळे आवाजही घुमू लागतो आणि ज्या हेतूसाठी वास्तू बांधली, तो ऐकण्याचा हेतूच बाधित होतो. चुन्याचे जोडकाम, सागवानी कैच्यांची वेळेवर निगा व खिडक्यांची मूळ मापे राखणे हे उपाय तुलनेने कमी खर्चाचे असून स्थानिक कारागिरांकडून करून घेता येतात. शिल्पसंपन्न नसल्यामुळे अशा वास्तू संरक्षित स्मारकांच्या यादीत क्वचितच येतात. त्यामुळे त्यांचे जतन मुख्यतः मंडळीच्याच हाती राहते.

मुंबईचे अफगाण चर्च किंवा पुण्याचे पंचहौद चर्च यांच्या तुलनेत लहान गावातील मेथडिस्ट मंदिरे वास्तुकलेच्या इतिहासात गौण ठरतात. परंतु देणगी आटली, मिशन बदलले व मालकी दुसरीकडे गेली, तरी जाजमावर बसणारी मंडळी तेथेच राहिली, हे वाशीमसारख्या ठिकाणच्या इतिहासावरून दिसून येते. थोड्या खर्चात बांधलेली, सहज दुरुस्त होणारी व दुसऱ्या उपयोगास येणारी वास्तू अशा मंडळीला पेलते. धनिकांची गरज पडू नये म्हणून १७७० मध्ये घातलेला नियम वऱ्हाडातील अनुभवाने, दीडशेहून अधिक वर्षांनंतर, खरा ठरला.